बिनखताचे खाचर

रेवदंड्याला बदली होऊन आलो, त्या वर्षीपासून माझे नाक बिघडले. सकाळी उठल्याबरोबर वीस-पंचवीस शिंका, दिवसभर नाक चोंदलेले, रात्री आत खपल्या. दुकानातून नाक मोकळे करणारे थेंब आणले. चार दिवस स्वर्ग! पुढे थेंबांवाचून झोपच येईना. असे थेंब फार दिवस घातले तर नाक उलट अधिकच चोंदते, हे मला उशिरा कळले.

मग कुणी सांगितले, ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून खोबरेलात मिसळा आणि नाकात सोडा. नोव्हेंबरात सुरू केले. आठ दिवसांत शिंका निम्म्यावर! उत्साहाच्या भरात मी गावच्या बैठकीत सांगूनही टाकले. मागे बसलेले एक वयस्क वाडीवाले म्हणाले, "सायब, नवं खत दिलंत की एक खाचर बिनखताचं ठेवायला सांगता ना? मग तुमचं बिनखताचं खाचर कुठलं?"

लोक हसले. मीही हसलो, पण बोलणे लागले. त्याच आठवड्यात भाताची झोडणी संपली होती, धूळच उरली नव्हती!

घरी सौ.ला दोन बाटल्या भरायला सांगितल्या. एकीत नुसते खोबरेल, दुसरीत जीवनसत्त्व घातलेले. एकीला लाल दोरा, एकीला काळा. कशात काय, ते तिलाच ठाऊक. लाल डाव्या नाकपुडीत, काळी उजव्या. तीन आठवडे वही लिहिली. खपल्या दोन्हीकडे सारख्याच मऊ झाल्या. शिंक काही एका नाकपुडीची नसते, ही प्रयोगातली खोट होतीच. पण शिंकाही कमी झाल्या नाहीत.

तेवढ्यात कळले, बैठकीतल्या एका बाईंनी माझे ऐकून नातवाच्या नाकात तेल सोडले आणि पोराला जबर ठसका लागला. मी धावत त्यांच्या घरी गेलो. पोर खेळत होते, पण माझी मान वर होईना. नाकातले तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरले तर तिथे सूज येते. लहान मुलांना तर ते मुळीच घालू नये.

अखेर अलिबागला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवले. पेंढ्याच्या, बुरशीच्या धुळीची अॅलर्जी निघाली. त्यांनी फवारा लिहून दिला. शिवाय पाणी उकळून निववायचे, त्यात मीठ घालून नाक धुवायचे आणि खळ्यावर तोंडा-नाकाला फडके बांधायचे.

वाडीवाले परवा भेटले. "लाल बाटलीत काय होतं, सायब?"

"नुसतं खोबरेल."

"आमच्याच वाडीतलं असेल," म्हणाले आणि चालू लागले.