चौदा मात्रांचा धीर

ऑफिसच्या मीटिंगचं रेकॉर्डिंग मी दीडपट वेगाने ऐकतो, व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज दुप्पट. वेगाशी माझं भांडण नाही, आमचं घर त्यावरच चालतं. आणि हळू ते सगळं चांगलं, असंही नाही. राजवाड्यावरची संध्याकाळची वाहतूकही हळूच असते!

दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. हात-पाय बरेचसे सावरले, पण शब्द सापडायला वेळ लागतो. "मला ते... ते..." इथवर आले की मी चष्मा? पाणी? पेपर? असं भराभर विचारायचो. बहुतेकदा बरोबर निघायचं. मला वाटायचं, मदत होतेय. एकदा ते हात झटकून उठूनच गेले.

बाबा आपल्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचे जुने भक्त. एका संध्याकाळी मी त्यांच्यासाठी खाँसाहेबांचा मारवा लावला. अतिविलंबित झूमरा, चौदा मात्रांचा. इंजिनिअरच मी, मोबाईलवर वेळ लावून बसलो. एका आवर्तनाला जवळजवळ एक मिनिट! तबलजी निवांत ठेका धरून होता, खाँसाहेबांना पुढे ढकलत नव्हता. त्यात मारवा हा राग असा की गवई षड्जावर लवकर येतच नाही. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यातच घुटमळतो, आणि ऐकणाऱ्याचा जीव षड्जासाठी टांगून ठेवतो. मी दोनदा फोनकडे हात नेला, दोनदा मागे घेतला.

बाबा म्हणाले, "आता... ब... बघ..."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. षड्ज लागला. बाबांनी मांडीवर हलकेच थाप दिली आणि म्हणाले, "...आला." त्यांचं वाक्य त्यांनीच पुरं केलं होतं.

हे रोज जमतं असं नाही. सकाळी कॉल असला की अजूनही माझ्या तोंडून शब्द निसटतो. पण मागच्या रविवारी पोहे खाताना ते "तू... तू..." करत थांबले. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अहो, शेव हवीय का?" मी तिला हातानेच थांब म्हटलं. पोहे निवत होते. आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघत बसलो.

"तू... दमलास का रे?"