हात माझाच असता

राजस्थानातल्या चाकसूला बँकेच्या शाखेत बदली झाली तेव्हा पुण्याहून आलेल्या एकट्या मुलीला खोली कोण देणार, हा प्रश्न होता. दिली जीजींनी. विधवा बाई, दारात दोन म्हशी, दुधाचे रतीब. शीतलाष्टमीला शील की डूंगरीची जत्रा भरली की चूल बंद. आदल्या दिवशीची राबडी आणि पुए आधी माझ्या ताटात पडायचे. पण मी भाडं देत होते, तेव्हा त्याची परतफेड कशीबशी झाली म्हणायची. जीजींच्या एका वाक्याची झालेली नाही.

शेजारच्या बस्सी तहसिलीत भटेरी गाव आहे. तिथल्या भंवरीदेवी कुंभाराघरच्या, स्वतः बालपणीच लग्न झालेल्या, सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातल्या साथिन, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या. १९९२ च्या आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावातल्या वजनदार घरात नऊ महिन्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. भंवरीदेवींनी समजावून पाहिलं. त्या दिवशी पोलीस आले नि गेले; लग्न रातोरात उरकलंच. मग गावाने त्यांची मडकी घेणं थांबवलं, त्यांना दूध देणंही. २२ सप्टेंबरला शेतावर, नवऱ्यादेखत, त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना त्या गुन्ह्यातून सोडलं. त्यांच्या प्रकरणातून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबतचा १९९७ चा ‘विशाखा’ निकाल आला, पुढे २०१३ चा कायदा. देशभरच्या नोकरदार बायका त्यावर उभ्या आहेत, मीही.

संमतिवयाच्या कायद्यावरून झालेला टिळक-आगरकर वाद कॉलेजात आम्ही हिरिरीने पुन्हा लढवायचो. दुसऱ्या दिवशी, जिचं लग्न अडवू पाहिलं त्या मुलीच्या बापासमोरून घागर घेऊन जायची वेळ आमच्यापैकी कुणावर येणार नव्हती.

शाखेत भंवरीदेवींचा विषय निघाला की सगळे हळहळायचे: बिचारीची नोकरीच ती, करणार काय? मी हे घरी सांगितलं. जीजी धार काढत होत्या.

“करणार काय म्हणजे? गप्प बसायचं. बाकीच्या बसल्याच की.” थोडं थांबून म्हणाल्या, “मी तिथली असते तर मीही दूध तोडलं असतं, बाईसा. जातीच्या भीतीने. पण हात माझाच असता.”

भीती खरी असते, हे त्या नाकारत नव्हत्या. भीतीला पुढे करून स्वतः मागे सरकणं त्यांना मान्य नव्हतं. ‘इलाज नव्हता’ म्हणून आपण दूध तोडणाऱ्यांना सोडवतो, आणि त्याच तोंडाने भंवरीदेवींचा निर्णयही काढून घेतो.

पुढे त्याच कायद्याखालच्या, बँकेच्या अंतर्गत समितीवर मी काही वर्षं होते. साक्षीदार येत. पाहिलेलं असे, तरी “मॅडम, साहेबांपुढे आमचं काय चालणार” म्हणून कोरा जबाब देत. मी विचारायची, “न बोलायचं कुणी ठरवलं, साहेबांनी की तुम्ही?” बहुतेक चिडत. चिडणं मला समजायचं. त्यांच्या घरी हप्ते होते. एका कारकुनाने मात्र दुसऱ्या दिवशी येऊन पुरवणी जबाब लिहून दिला. वर्षाच्या आत त्याची बदली झाली. ती जबाबामुळे की नेहमीची, हे शोधायचा मी प्रयत्न केला. कागदावर ‘प्रशासकीय कारण’ एवढंच होतं.