जेरुसलेममधली राणी हेलेनाची कबर

चि. सोनू,



जेरुसलेममधल्या ‘राजांच्या कबरी’ पाहून आल्यावर तू विचारलंस, हे राजे नेमके कोण? माझं स्पष्ट मत असं, की ही जागा राजांची नाहीच. ती एका राणीची आहे आणि ती राणी परमुलुखातून आलेली होती. आजच्या उत्तर इराकमध्ये, एर्बिलच्या आसपास, अदियाबेने नावाचं छोटं राज्य होतं. हेलेना तिथली राणी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तिनं आणि तिचा मुलगा इझातेस यानं ज्यू धर्म स्वीकारला. ती जेरुसलेमला आली तेव्हा शहरात दुष्काळ होता. तिनं अलेक्झांड्रियाहून धान्य आणि सायप्रसहून सुकी अंजिरं आणवून भुकेल्यांना वाटली. हे सगळं सांगतो तो जोसेफस, त्याच शतकात त्याच शहरात वाढलेला इतिहासकार. म्हणून त्याचं म्हणणं मला वजनदार वाटतं.

तोच पुढे लिहितो, की हेलेना मायदेशी परतून वारली. तेव्हा तिचा दुसरा मुलगा मोनोबाझस यानं तिच्या आणि इझातेसच्या अस्थी जेरुसलेमला पाठवल्या. तिनं हयातीतच तिथे तीन पिरॅमिड उभारून ठेवले होते, शहरापासून तीन स्टेडियांवर, म्हणजे साधारण साडेपाचशे मीटरवर. आणखी एका ग्रंथात उत्तरेकडच्या तटाचं वर्णन करताना तो हेलेनाच्या स्मारकांचा पुन्हा उल्लेख करतो. ‘राजांच्या कबरीं’चीही दिशा उत्तरेची, अंतर थोडकं, आणि त्या बाजूला एवढं मोठं काम दुसरं नाही. जमिनीतच उतरत जाणाऱ्या त्या रुंद पायऱ्या आठव. आपल्या वेरूळच्या कैलासासारखा इथेही खडक वरून खाली कोरत नेला आहे आणि तळाशी मोठा चौक काढला आहे. पायऱ्यांच्या बाजूला पावसाचं पाणी वाहून नेणारे पाट कोरले आहेत. ते पाणी खालच्या टाक्यांत आणि धार्मिक स्नानाच्या कुंडांत जातं. मृताच्या सान्निध्यानं येणारी अशुद्धी धुण्याची सोय इतक्या काळजीनं करणारं घराणं नव्या धर्माचे नियम मनापासून पाळणारं असणार, असं मला वाटतं. दाराशी खाचेतून सरकवायचा गोल दगड आहे. दुसऱ्या शतकातल्या पॉसेनियस या ग्रीक प्रवाशानं हेलेनाच्या कबरीला थेट हॅलिकारनाससच्या मौसोलसच्या समाधीशेजारी बसवलं आणि तिचं दार वर्षातून एकाच दिवशी यंत्रानं उघडतं असं लिहिलं. यंत्राची गोष्ट ऐकीव असेल, पण त्या दाराची ख्याती ग्रीसपर्यंत पोचली होती एवढं नक्की.

मग ‘राजे’ आले कुठून? 1863 मध्ये फेलिसियाँ द सोलसी या फ्रेंच संशोधकानं इथे उत्खनन केलं. बायबलमधल्या दाविद राजाच्या वंशातल्या, यहुदाच्या राजांच्या कबरी आपल्याला सापडल्या, अशी त्याची खात्री होती. पण यहुदाचं राज्य इसवी सनापूर्वी 586 च्या सुमारास बुडालं, आणि दर्शनी भागावरची डोरिक पट्टी, तिच्यातला द्राक्षांचा घोस, पानाफुलांची वेलबुट्टी ही त्यानंतर कित्येक शतकांनी, ग्रीक-रोमन काळात रुळलेली घडण आहे. शिवाय बायबल त्या राजांना दाविदाच्या नगरात, म्हणजे शहराच्या दुसऱ्याच टोकाला, पुरल्याचं सांगतं. खरं तर एडवर्ड रॉबिन्सन या अभ्यासकानं 1838 च्या आपल्या प्रवासानंतर हेलेनाचं नाव सुचवलं होतं. तरीही दाविदाच्या नावाचा मोह मोठा ठरला.

कबर हेलेनाची आहे या मताविरुद्ध एक आक्षेप खरोखर विचार करण्याजोगा आहे. द सोलसीला मिळालेल्या दगडी शवपेटीवर हेलेनाचं नाव नाही. त्यावर ‘सदान राणी’ अशा अर्थाचे शब्द आहेत आणि ते दोन लिप्यांत कोरलेत. एक ज्यूंची चौकोनी लिपी, दुसरी पूर्वेकडच्या सीरियक वळणाची. काही अभ्यासक सदान हे हेलेनाचंच माहेरच्या भाषेतलं नाव मानतात. मी त्यावर पैज लावणार नाही. पण जेरुसलेममध्ये पुरलेली राणी आणि तिच्या नावाला पूर्वेकडची लिपी, हा मेळ अदियाबेनेच्या घराण्याशिवाय कुणाला लागू पडतो? इझातेसला चोवीस मुलगे आणि चोवीस मुली होत्या असं जोसेफस सांगतो, तेव्हा आतल्या खोल्यांमध्ये एकाहून अधिक राजस्त्रिया असणं स्वाभाविकच. पेटी दुसऱ्या कुणा राणीची निघाली तरी कबर या घराण्याची, हे विधान ढळत नाही. पिरॅमिड आज दिसत नाहीत हा आक्षेप मला हलका वाटतो. जमिनीवरचा घडीव दगड अशा शहरात दोन हजार वर्षं कोण जागेवर राहू देईल?

एक गोष्ट मात्र सलते. उत्खनन चालू असतानाच जेरुसलेमच्या ज्यूंनी अस्थींना हात लावण्याला विरोध केला होता, तरी ती पेटी पॅरिसला लूव्रमध्ये गेली. जागा 1886 पासून फ्रान्सच्या मालकीची आहे. पुढे कधी पॅरिसला गेलीस तर ती पेटी जरूर बघ आणि दोन्ही ओळींचे फोटो मला पाठव.

तुझी,
आत्या