पुलावरचे पाणी

आषाढात चातुर्मास बसला की साधुसाध्वींचा विहार थांबतो. पावसाने वाटोवाट सूक्ष्म जीवसृष्टी उगवलेली असते आणि पाऊल कोठे टाकावे हाच प्रश्न असतो. व्यापाऱ्याला मात्र ही मुभा नाही. भाद्रपदात उडदाची रास शेतकऱ्याच्या अंगणात येते आणि खर्ड्याच्या भुसार व्यापाऱ्याची मोटारसायकल वाड्यावस्त्यांवर फिरू लागते.

सप्टेंबर २०२५ च्या उत्तरार्धात जामखेड, भूम, परंडा या पट्ट्यात पावसाने कहर केला. सीना नदीने पुढे सोलापूर जिल्ह्यातील गावांना वेढा घातला. १७९५ च्या मार्चमध्ये याच खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडल्या गेलेल्या निजामाच्या फौजेचे पाण्यावाचून हाल झाले होते. त्याच मातीवर आता पाणी मावेनासे झाले होते.

त्या दिवसांत खर्ड्याचे एक वयस्क व्यापारी उडदाचा वानोळा पाहून एका वाडीहून परत निघाले. वहीची पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळून रेनकोटच्या आत पोटाशी धरलेली. काळी माती मडगार्डमध्ये ठासून बसल्याने पुढचे चाक दोनदा अडले. काडीने उकरून ते मोकळे करावे लागले. भिजलेले ब्रेक लागत होते, पण उशिरा. आणि सूर्यास्त सहा वाजून पंचवीस मिनिटांच्या आसपास. चौविहाराचा त्यांचा नेम कित्येक वर्षे मोडलेला नव्हता. घरून फोन आला, “अहो, निघालात का? ताट तयार आहे.”

ओढ्यावर पोहोचले तेव्हा सहा वाजत आले होते. फरशी पुलावरून गढूळ पाणी वेगाने वाहत होते. फार तर गुडघाभर असेल. पलीकडे दहा मिनिटांवर घर. त्यांनी पहिला गिअर टाकलाही.

काठावरचा एक शेतकरी ओरडला, “शेठ, थांबा! कडंचे दगड दिसंनात.”

व्यापारी थांबले. त्यांच्या आधी एका तरुणाने मात्र गाडी घातली होती. वाहते पाणी फूटभर असले तरी चाकाला आडवे रेटते. मागचे चाक सरकले, तरुणाने सुदैवाने हँडल सोडले. गाडी ओढ्यात गेली, त्याला दोघातिघांनी दोर टाकून ओढून काढले.

ईर्यासमिती म्हणजे पुढची चार हात जमीन पाहून चालणे, हे व्यापाऱ्यांनी व्याख्यानात लहानपणापासून ऐकले होते. येथे तर चाकाखालची वीतभरही दिसत नव्हती. आणि घाई नेमकी कशाची होती? चौविहाराचा नेम सूर्यास्तानंतर काही घेऊ नये एवढेच सांगतो. सूर्यास्तापूर्वी घर गाठलेच पाहिजे असे कोठेही सांगत नाही. उशीर झाला तर एक रात्र उपाशी काढायची, बस. नेमाच्या नावाखाली धावत होती ती वाढलेल्या ताटाची ओढ, आणि थोडा ‘आपला नेम कधी चुकत नाही’ हा मानही. हे त्यांनी स्वतःच नंतर हसत कबूल केले.

त्यांनी गाडी वळवली, घरी फोन केला आणि त्याच शेतकऱ्याच्या ओसरीवर मुक्काम केला. शेतकऱ्याच्या वृद्ध आईने चहा पुढे केला, भाकरी पुढे केली. व्यापाऱ्यांनी हात जोडले. माउलीला ते पटेना. दारी आलेला माणूस पाणीदेखील घेत नाही, म्हणजे आपले काही चुकले काय? अखेर त्यांनी समजावले की उद्या सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी, नवकारसी पारल्यावर, जे द्याल ते घेईन. पाणी तेवढे उकळलेले असावे आणि कांदा-लसूण नको.

पहाटे पाऊस ओसरला. ढगांत सूर्य दिसतच नव्हता, म्हणून व्यापाऱ्यांनी पंचांगातली वेळ सांगितली. चुलीवर पाणी केव्हाचे उकळून निवत होते. माउली दर थोड्या वेळाने दारात येऊन विचारी, “झाली का वो अठ्ठेचाळीस?”