वेगळी चूल, वेगळं धुराडं

दोन भाऊ विभक्त झाले, की आपण म्हणतो, ‘त्यांनी वेगळी चूल मांडली.’ वेगळं धुराडं बांधलं, असं कोणी म्हणत नाही. धुराड्याला विचारतो कोण? मीही विचारलं नव्हतं. त्यापायी एकदा सगळं कुटुंब रात्री अडीच वाजता अमेरिकेतल्या बर्फात उभं राहिलं.

आमच्या चिरंजीवांनी व्हरमाँट राज्यात एक जुनं घर घेतलं. एका वादळात वीज गेली, घर गारठलं आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात लाकडाची लोखंडी शेगडी शिरली. शेगडी आली, पण तिच्या धुराड्याचा खर्च शेगडीच्याही वरताण! मी तळघरात डोकावलो. तिथे पाणी तापवायचा गॅसचा बंब होता आणि त्याची वीतभर नळी भल्याथोरल्या विटांच्या धुराड्यात शिरली होती.

“अरे, वाड्यात आम्ही सात बिऱ्हाडांनी एका नळावर जन्म काढला,” मी म्हटलं, “दोन धूर एका धुराड्यात मावणार नाहीत?”

चिरंजीव इंजिनिअर खरे, पण मुलगा माझाच. शनिवारी बापलेकांनी मिळून शेगडीची नळी त्याच धुराड्यात बसवली. कोणा जाणकाराला दाखवायची गरज वाटली नाही. घरात दोन जाणकार होतेच!

पुढच्याच आठवड्यात हिचं डोकं दुखू लागलं. मी म्हटलं, “विमानाचा शीण.” आम्हांला येऊन महिना झाला होता. नातीला मळमळलं, त्याचं खापर आजीच्या लाडवांवर फुटलं. आणि त्या रात्री जिन्यातलं एक पांढरं डबडं किंचाळू लागलं. चिरंजीवांनी नातीला उचललं आणि सगळ्यांना बाहेर पिटाळलं. ही सूनबाईंचा ओव्हरकोट घालून, मी एका पायात सपाता घालून! एक बंब तळघरात होताच. आता दुसरा, लाल रंगाचा, दारात आला. त्या लोकांनी हवा मोजली, गॅस बंद केला, खिडक्या सताड उघडल्या.

दुसऱ्या दिवशी धुराडी साफ करणारा आला. आमची कारागिरी पाहून आधी गप्प बसला. मग सांगू लागला. गॅसच्या बंबावर एक उघडी टोपी असते. तिच्यातून तळघरातली गार हवा धुराड्यात जाते, शेगडीचा धूर थंड होतो आणि त्यातलं डांबर आतून चिकटत जातं. वाट अरुंद होते. पुढे ते डांबर पेटूही शकतं. रात्री शेगडीत नुसते निखारे उरले, की धुराड्याची ओढ मंदावते. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड मग वर जायचं सोडून त्याच टोपीतून घरात उतरतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो. डोकं दुखतं, मळमळतं, आणि झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो.

म्हणून त्यांच्या अग्निसंरक्षण संघटनेच्या २११ क्रमांकाच्या मानकात स्पष्टच आहे : लाकडाची शेगडी ज्या नळीला जोडली, तिला दुसरं उपकरण जोडायचं नाही, खास तशी मान्यता असली तरच. विटांचा खांब बाहेरून एक असला तरी चालेल, आतल्या नळ्या मात्र वेगळ्या हव्यात. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे मी शाळेत पाठ केलं होतं. तळघरात आठवलं नाही.

शेगडीला स्टेनलेस स्टीलचं स्वतंत्र धुराडं मिळालं. जुनं धुराडं साफ करून, आत नवी नळी घालून बंबाकडे राहिलं. प्रत्येक मजल्यावर एक किंचाळणारं डबडं लागलं. आणि दरवर्षी तो धुराडेवाला येतो, त्याला सूनबाई चहा देतात.

आम्ही पुण्याला परतलो. न्हाणीघरात आमचा गॅसचा गीझर होता आणि वारा येतो म्हणून खिडकीत मीच वर्तमानपत्रं कोंबली होती. हिने बॅग उघडण्याआधी ती उपसून काढली आणि आठवड्याच्या आत गीझर बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर नेऊन लावायला लावला.

“अगं, एवढं काय? वाड्यात सात बिऱ्हाडं एका नळावर...”

“होती ना,” ही म्हणाली, “पण नळावरची भांडणं ऐकू तरी यायची!”