शेजारचा मुलगा फादर व्हायला निघाला

मैत्रिणींनो, परवा दुपारी गंगापूर रोडवरच्या आमच्या शेजारीणबाई मेथी निवडता निवडता एकदम रडायलाच लागल्या. एकुलता एक मुलगा म्हणतो, ‘मला फादर व्हायचंय.’ त्यांच्यात याला पाचारण म्हणतात, म्हणजे देवाचं बोलावणं. मी आपली पटकन म्हणाले, “अहो, लग्न करून टाका त्याचं!” माझी जीभ ही अशी!

मग त्याच मला समजावू लागल्या. सेमिनरीत गेला की लगेच फादर झाला, असं नव्हे. आधी तत्त्वज्ञान, मग धर्मशास्त्र. सात-आठ वर्षं सहज जातात. मधेच वाटलं, हे आपलं काम नव्हे, तर खुशाल परत यावं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९४२ सालचे. त्यांची गुरुदीक्षा झाली १९७२ साली, तिशीला टेकल्यावर! हेच पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

“परत आला तर लोक हसतील,” बाई म्हणाल्या, “आणि नाही आला तर सून नाही, नातवंड नाही. मी देवाकडे मागू तरी काय, तुम्हीच सांगा!”

मला काही सुचेना. मी नुसती मेथी निवडत राहिले.

जूनमध्ये तो जातोय. काल बघते तर बाई गॅलरीत बसून त्याच्या टॉवेलांवर लाल दोऱ्यानं नावाचं अक्षर भरताहेत.