हंपीच्या फरशीवरील वाघ आणि शेळ्या

हंपीस जाणारा प्रवासी बहुधा मान वर करून हिंडतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. विरूपाक्षाचे उत्तुंग गोपुर, विठ्ठलमंदिरासमोरील दगडी रथ, हेमकूट टेकडीवरून दिसणारे शिलाखंडांचे रान, हे सारे वैभव मान उंचावूनच पाहावयाचे. १५६५ च्या रक्कसतंगडीच्या लढाईनंतर हे नगर उजाड झाले आणि १९८६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत त्याचे नाव आले, हे वाचकांस ठाऊक आहेच. कृष्णदेवरायाने पंढरीचा विठोबा येथे आणला व नाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला, ही आख्यायिका तर आपण लहानपणापासून ऐकतो. त्यामुळे विठ्ठलमंदिराच्या रिकाम्या गाभाऱ्यापाशी मराठी माणूस क्षणभर अधिकच रेंगाळतो.

परंतु यंदा दसऱ्याच्या सुटीत बेळगावहून हुबळी, गदग, होसपेट असे टप्पे घेत आम्ही तेथे पोहोचलो, ते दोन नातवंडांना घेऊन. नात आठ वर्षांची, नातू सहाचा; दोघेही बंगळूरचे. एवढ्या लहान मुलांचा हात धरून चालावयाचे म्हणजे मान आपोआप खाली जाते. म्हणूनच विरूपाक्षाच्या बाजारपेठेकडून नदीकाठाने विठ्ठलमंदिराकडे जाताना, एका पडक्या मंडपाच्या फरशीवर कोरलेल्या रेषा आम्हांस दिसल्या.

वर एक टोक, त्यातून खाली उतरणाऱ्या चार रेषा, त्यांना छेदणाऱ्या आडव्या रेषा. नातीने छेदबिंदू मोजले, तेवीस भरले. हा वाघ-शेळीचा पट! हंपीच्या मंडपांतून असे पट ठिकठिकाणी आढळतात. ते कोणी कोरले, पाथरवटांनी, पहारेकऱ्यांनी की मागाहून आलेल्या यात्रेकरूंनी, हे दगड सांगत नाही. उन्हाच्या वेळी सावलीला बसलेल्या माणसांनी कोरले, एवढे मात्र कोणीही ओळखावे.

मंडपाच्या दुसऱ्या कोपऱ्यात शहाळी विकणारी एक वृद्धा बसली होती. आमची पाहणी पाहून ती हसली आणि म्हणाली, “हुली, आडू!” हुली म्हणजे वाघ, आडू म्हणजे शेळी. बंगळूरच्या शाळेत कानडी शिकणाऱ्या नातवंडांस हे शब्द आमच्या आधी उमगले. मोठे खडे तीन गोळा झाले, ते वाघ. लहान पंधरा, त्या शेळ्या. नियम थोडे आहेत. शेळ्या एकेक करून मांडावयाच्या व पंधराही मांडून होईपर्यंत हलवावयाच्या नाहीत. वाघाने शेजारच्या शेळीवरून पलीकडच्या रिकाम्या जागी उडी मारली की ती शेळी गेली. शेळ्यांनी दाटी करून तिन्ही वाघांना जागच्या जागी कोंडले की वाघ हरले.

मुलांबरोबर खेळताना मुद्दाम हरावे काय, हा घरोघरीचा वाद आहे. आमचे मत स्पष्ट आहे: हरू नये. सहा वर्षांच्या पोरालाही लटके हरणे कळते आणि मग जिंकण्यातली गोडी जाते. पण या खेळात त्याची गरजच पडत नाही, कारण येथे दोन्ही बाजू मुळात सारख्या नाहीत. नवख्याच्या हाती वाघ सोपे. शेळ्यांना धीर लागतो आणि पुढचे पाहावे लागते. तेव्हा मुलांना वाघ द्यावेत, मोठ्यांनी शेळ्या घ्याव्यात आणि जीव तोडून खेळावे. मुले सरावली की बाजू बदलाव्यात. सापशिडीत हे साधत नाही. तेथे सारा कारभार फाशाच्या हाती.

वास्तविक त्या मंडपात आमचे लक्ष खेळाहून भाषेकडे अधिक होते. या मुलांचे मराठी म्हणजे फोनवर “आजोबा, तुम्ही कसे आहात?” एवढेच. पुढे विचारावे तर दोघेही इंग्रजीत शिरतात. पट मांडला तेव्हाही नातू “माझा वाघ तुझा गोट खाणार” असेच म्हणत होता. आजीने काही न सांगता आपल्या शेळ्यांची नावे घेत खेळ चालू ठेवला. “ही माझी शेळी इथे बसली. ही तिथे.” थोड्या वेळाने नातू ओरडला, “आजी, तुझी शेळी मेला!” आमच्यातला मास्तर लिंगदोष सुधारण्यासाठी तोंड उघडणार, तोच सौभाग्यवतींनी नजरेनेच आम्हांस गप्प केले. तिसऱ्या डावात “शेळी मेली” आले, पाठोपाठ “वाघ अडकला” आणि “थांब, माझी पाळी आहे”. वर्गात फळ्यापुढे हेच आणावयास आम्हांस कैक तास खर्ची घालावे लागतात.

शहाळेवाली आजीबाई जागेवरूनच बोट दाखवून नातीला चाल सुचवीत होती, तीही कानडीत. आम्हां सीमाभागातील लोकांना दोन भाषांमधील कुंपणे फार पाठ असतात. पण कर्नाटकातील घरोघरच्या ‘चौकाबारा’ या खेळाच्या नावात आपलाच ‘चौका’ बसला आहे, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. पंचवीस घरांचा हा पट व चार कवड्या लहानग्यांना आणखी सोप्या. कवड्या नसल्या तर फोडलेले चिंचोके चालतात.

हंपीस जाणाऱ्यांनी चिंचोक्यांची एक पुरचुंडी अवश्य जवळ ठेवावी आणि सकाळीच निघावे. दहानंतर दगड तापतो. मात्र रेषा पुसट दिसतात म्हणून त्या खडूने वा टोकदार दगडाने गिरवू नयेत. स्मारक संरक्षित आहे आणि पट बोटानेही वाचता येतो. उठताना खडे बाजूला करावेत.

सायंकाळी विठ्ठलमंदिराच्या आवारात आमची नातवंडे दगडी रथाकडे पाठ करून ओणवी चालली होती. एका ओवरीच्या कडेला नातीला आणखी एक पट सापडला: टोक होते, उतरत्या रेषा होत्या, आडव्या मात्र दोनच. “आजोबा, हा अर्धाच का ठेवला?” तिने मराठीत विचारले. नातू तोवर खडे आणावयास धावला होता, आणि पहारेकरी मंदिर बंद होण्याची शिटी वाजवीत आमच्याकडेच येत होता.